‘आहे’ आणि ‘होतंय’ यांचं जुनं भांडण

नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ नावाचा धडा आहे. त्यात एक आलेख येतो. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वेग आणि तिरकी चढत गेलेली एक रेघ. त्या रेघेखालचं क्षेत्रफळ काढलं की वस्तूनं कापलेलं अंतर मिळतं. हे घोकता घोकता माझ्या भाचीनं मध्येच पेन खाली ठेवलं. “क्षेत्रफळ जमिनीचं असतं ना? वेगाचं क्षेत्रफळ कसं काय काढतात?”

मी तिला तेव्हा “परीक्षेत तसंच लिही” असं सांगून मोकळा झालो. पण प्रश्न साधा नाही. तो सुटायला अठराशे वर्षं लागली, आणि ज्यांनी सोडवला त्यांनी त्यासाठी एकही गोटी उतारावरून सोडून वेळ मोजली नव्हती. त्यांची सगळी धडपड त्याच्या आधीच्या प्रश्नाशी होती: बदलणाऱ्या गोष्टीबद्दल खात्रीनं काही बोलता तरी येतं का?

आज हे विचित्र वाटतं. आपल्या लेखी विज्ञान म्हणजे बदलाचाच हिशेब. पडणारा दगड, तापणारं पाणी, वाढणारं रोप. पण प्राचीन ग्रीसमध्ये बदल हा ज्ञानाचा विषय नव्हता, आरोपी होता. आणि आरोप गंभीर होता. त्याच्यावर आळ असा होता की, तो मुळात घडतच नाही.

हा आरोप ठेवला पार्मेनिडीसनं. इ.स.पू. ५व्या शतकात, दक्षिण इटलीतल्या एलिया या ग्रीक वसाहतीत. त्याचा युक्तिवाद आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहू (उदाहरण माझं, कोंडी त्याची). रात्री दुधाला विरजण लावलं, सकाळी दही झालं. हे दही आलं कुठून? जे ‘आहे’ त्यातून आलं म्हणाल, तर ते आधीपासून होतंच, मग नवीन झालं काय? जे ‘नाही’ त्यातून आलं म्हणाल, तर ‘नाही’मधून काही निघत नाही. ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्याशिवाय तिसरं काही नसतं. म्हणून ‘होणं’ हा डोळ्यांचा भ्रम.

दूध-दह्याचं कोडं आपल्याकडे अनोळखी नाही. सांख्य दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी म्हटलं की दही दुधात दडलेलंच असतं. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनानं उलट टोचलं: तीच वस्तू जर दुसरी होत असेल, तर मग दूध हेच दही म्हणायचं का? ती चर्चा स्वतंत्र आहे आणि तिच्यात शिरलो तर परत येता येणार नाही. इथे एवढंच लक्षात ठेवू, की पार्मेनिडीसनं एका शब्दावर बंदी घातली: ‘नाही’. जे नाही, त्याचा विचार करू नका, त्याच्याबद्दल बोलू नका. आणि या बंदीतच बदलाचा गळा आवळला जातो, कारण कुठल्याही बदलाचं वर्णन करताना ‘आधी नव्हतं’ असं म्हणावंच लागतं.

त्याचा शिष्य झीनो याहून खट्याळ. तो म्हणाला, सुटलेला बाण घ्या. कुठल्याही एका क्षणी तो आपल्या लांबीएवढी जागा व्यापून असतो, म्हणजे त्या क्षणी तो स्थिर असतो. सगळ्या क्षणी स्थिर असलेला बाण उडतो कधी? हा बाण लक्षात असू द्या. तो दीड हजारांहून अधिक वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये पुन्हा लागणार आहे.

दुसऱ्या टोकाला हेराक्लिटस या ग्रीक तत्त्वज्ञाची मंडळी. सगळं सतत वाहतंय, एकाच नदीत दोनदा पाय ठेवता येत नाही. क्रॅटिलस नावाच्या गृहस्थानं तर एकदाही ठेवता येत नाही असं म्हणून हेराक्लिटसलाच दुरुस्त केलं. ॲरिस्टॉटल सांगतो की शेवटी क्रॅटिलसनं बोलणंच सोडलं आणि तो नुसतं बोट हलवायचा. यात थट्टा आहे, पण तर्क बरोबर आहे. वस्तूला नाव देईपर्यंत ती दुसरीच झालेली असेल, तर बोलायचं कशाबद्दल? म्हणजे एका बाजूनं बदल अशक्य, दुसऱ्या बाजूनं बदलाशिवाय काही नाही, आणि दोन्हीकडे विज्ञानाच्या नावानं शून्य.

प्लेटोनं यातून सभ्य वाट काढली. ज्ञान असतं ते न बदलणाऱ्या गोष्टींचं: त्रिकोण, संख्या, शुद्ध कल्पना. बदलत्या जगाबद्दल फार तर एक ‘पटण्याजोगी गोष्ट’ सांगता येते, असं त्याच्या ‘टिमेअस’ संवादात येतं. अपमान न करता वर्गाबाहेर उभं करणं म्हणतात ते हेच.

तिसरा माणूस

ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४–३२२) वैद्याच्या घरातला. तापाचे चढउतार, अंड्यातून येणारं पिल्लू, हे त्याच्या लेखी भास असणं शक्य नव्हतं. पण त्यानं “डोळ्यांना दिसतं की!” असं म्हणून पार्मेनिडीसला उडवून लावलं नाही. त्यानं आधी भाषा तपासली.

त्याचं उदाहरण असं: गाणं न येणारा माणूस गाणारा झाला. या वाक्यात घटक किती? आपण पटकन दोन म्हणू, आधीची स्थिती आणि नंतरची. पार्मेनिडीसही दोनच धरून चालला होता. ॲरिस्टॉटल म्हणतो, तीन आहेत. ‘गाणं न येणं’ हे संपलं. ‘गाणं येणं’ हे आलं. आणि ‘माणूस’ हा दोन्हीकडे टिकला. टिकणारं ते द्रव्य, येणारा तो आकार, आणि आधी असलेली उणीव तो अभाव. बदल ‘नाही’मधून होत नाही, तर टिकून राहणाऱ्या कशाला तरी चिकटलेल्या ‘नाही’मधून होतो. गाण्याचा अभाव दगडातही आहे, पण दगड गायला शिकत नाही.

म्हणजे बंदी घातलेला ‘नाही’ परत आला, पण जामिनावर. एकट्यानं फिरायचं नाही, कुणाचा तरी म्हणूनच राहायचं.

दुसरा मुद्दा शक्यतेचा. दुधात दही नाही, पण दही होण्याची क्षमता आहे. ती पाण्यात नाही. वाळू रगडून तेल काढायची भाषा सुभाषितात शोभते, तेलाच्या घाण्यावर नाही. तेव्हा ‘आहे’ या शब्दाचे दोन अर्थ झाले: प्रत्यक्षात असणं आणि क्षमतेनं असणं. पार्मेनिडीसची कोंडी इथे फुटते. दही प्रत्यक्ष दह्यातून आलं नाही, निव्वळ शून्यातूनही आलं नाही, दही होऊ शकणाऱ्या दुधातून आलं.

आता त्याची बदलाची व्याख्या. ही ऐकून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी डोकं धरलं आहे: जे शक्यतेच्या पातळीवर आहे, त्याचं शक्य म्हणूनच प्रत्यक्षात असणं. वाक्य भयंकर आहे, पण अर्थ रस्त्यावर उभा असतो. ‘काम चालू आहे’ ही पाटी पाहा. विटांचा ढीग पडला आहे तोवर त्यांची घर होण्याची क्षमता नुसती झोपलेली आहे. घर पूर्ण झालं की ती संपली, कारण आता बांधण्याजोगं काही उरलं नाही. या दोहोंच्या मध्ये, गवंडी विटेवर वीट ठेवत असतो तेव्हा, ती क्षमता जागी असते आणि अजून पुरी झालेली नसते. ती पाटी लागलेली असते तो काळ म्हणजे बदल. मराठीत हे सांगायला फार सोपं जातं, कारण आपल्याकडे ‘झालं’ आणि ‘होतंय’ असे वेगळे शब्द रोजच्या तोंडात आहेत.

याचं फळ मोठं होतं. निसर्ग म्हणजे काय, याचं ॲरिस्टॉटलचं उत्तर होतं: ज्याच्या आत स्वतःच्याच बदलाचं आणि थांबण्याचं मूळ आहे ते. म्हणून बदल कळला नाही तर निसर्ग कळला नाही. जो विषय प्लेटोनं वर्गाबाहेर ठेवला होता, तोच अभ्यासक्रमाचं नाव झाला. ‘फिजिक्स’ हा शब्द त्या ग्रीक ‘निसर्गा’वरूनच आला. बदलाला नियम असू शकतो का, यावर त्याचं म्हणणं व्यवहारी होतं: नेहमी घडतं त्याचं विज्ञान होतं, आणि बहुधा घडतं त्याचंही होतं. उन्हाळ्यात उकडणं हा ‘बहुधा’चा प्रकार. एवढी सूट मिळाली नसती तर जीवशास्त्र जन्मालाच आलं नसतं.

मात्र त्यानं एक कुंपण घालून ठेवलं. बदलाचे त्यानं प्रकार केले: वस्तू उपजणं किंवा नष्ट होणं, गुण बदलणं, आकारमान वाढणं-घटणं, जागा बदलणं. यातला गुण आणि परिमाण यांचे कप्पे वेगळे. लांबी मोजायची असते, उष्णता अनुभवायची असते. दोन काठ्या जोडल्या की लांब काठी होते, पण दोन बादल्या कोमट पाणी एकत्र केल्यानं कडकडीत पाणी मिळत नाही. म्हणजे गुणांची बेरीज होत नाही. मग गुणातल्या बदलाचं गणित कसं करणार? हे कुंपण ओलांडायला आणखी सोळाशे वर्षं गेली.

दगडाला कोण ढकलतं?

मधल्या काळातली एकच गोष्ट सांगतो, कारण ती सगळ्यात रंगतदार आहे. ॲरिस्टॉटलच्या मते प्रत्येक हलणाऱ्या वस्तूला काहीतरी हलवत असावं लागतं. मग हातातून सुटलेल्या दगडाला कोण हलवतं? तो म्हणाला, हवा. अलेक्झांड्रियातला फिलोपोनस ६व्या शतकात यावर चिडलाच. तसं असेल तर बाणाला दोरी कशाला हवी? काठीवर बाण ठेवा आणि यंत्रांनी मागून हवा सोडा, जातो का बघू. त्याचं उत्तर होतं की फेकणारा वस्तूत एक बळ भरतो आणि ते हळूहळू ओसरतं. इब्न सिना या इराणी वैद्य-तत्त्वज्ञानं ११व्या शतकात त्याला धार दिली: वस्तूतला हा कल अडथळ्यामुळेच संपतो, पोकळी असती तर तो संपलाच नसता. (त्याला यातून पोकळी नसतेच हे सिद्ध करायचं होतं, हा भाग वेगळा.)

१४व्या शतकात पॅरिस विद्यापीठातल्या ज्याँ ब्युरिदाननं हवेचा दावा भोवऱ्यानं निकालात काढला. भोवरा जागच्या जागी फिरतो. धार लावणाऱ्याचं चाकही तसंच. त्यांनी सोडलेल्या जागेत मागून शिरायला हवेला वावच नाही, तरी हात काढल्यावर ते फिरत राहतात. वस्तूत भरलेल्या या जोराला त्यानं ‘इंपेटस’ म्हटलं, आणि तो वस्तूतल्या द्रव्यावर आणि तिला दिलेल्या वेगावर ठरतो असं सांगितलं.

इथे आपल्या कणादांच्या वैशेषिक सूत्रांची आठवण निघणं साहजिक आहे. बाणाची पहिली गती दोरीच्या रेट्यानं म्हणजे नोदनानं, पुढची गती त्या गतीतून उपजलेल्या संस्कारानं, आणि संस्कार संपला की गुरुत्वामुळे पतन, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. यावरून ‘न्यूटनचे नियम कणादांनीच लावले’ असे संदेश फिरतात, ते मात्र सोडून द्यावेत. त्या सूत्रांचं मोल त्यांनी विचारलेल्या प्रश्नात आहे. सुटलेल्या बाणाला आता कोण ढकलतंय, हा प्रश्न पडायलाच मोठी नजर लागते.

भक्तीच्या मापावरून वेगाचं माप

ॲरिस्टॉटल लॅटिन युरोपात १२व्या शतकात पोचला, काही ग्रंथ थेट ग्रीकमधून, काही टोलेडोसारख्या ठिकाणी अरबीमधून. पॅरिसमध्ये १२१० साली त्याचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवायला बंदी झाली आणि १२५५ पर्यंत तेच ग्रंथ सक्तीचे झाले. १२७७ मध्ये तिथल्या बिशपनं, एतिएन तांपिएनं, २१९ विधानांवर बंदी घातली. त्यातलं एक असं होतं: देव आकाशाला सरळ रेषेत सरकवू शकत नाही, कारण मागे पोकळी राहील. असं म्हणणं आता गुन्हा. देवाला काय अशक्य हे सांगणारा ॲरिस्टॉटल कोण?

हेतू विचारांना वेसण घालण्याचा होता, पण परिणाम उलटाही झाला. देव जे करत नाही पण करू शकला असता, त्याचा विचार करायला विद्वानांना जणू परवानाच मिळाला. ‘समजा, असं असतं तर’ ही तऱ्हा त्यांच्या लिखाणात मुरली. तिला ते ‘कल्पनेनुसार’ म्हणत. ‘नाही’चा जामीन आणखी सैल झाला.

कुंपण मात्र तुटलं ते एका धार्मिक प्रश्नानं. पीटर लोंबार्डच्या १२व्या शतकातल्या पाठ्यग्रंथावर धर्मशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला भाष्य करावं लागे, आणि त्यात हा मुद्दा यायचा: माणसाच्या अंतरातलं ईश्वरी प्रेम कमीजास्त होतं, ते कसं? शेरभर प्रेमात पावशेराची भर पडते? की जुनं प्रेम जाऊन अधिक उत्कट असं नवं येतं? की प्रेम तेवढंच राहून माणूस त्यात अधिक खोल रुजतो? यावर शतकभर काथ्याकूट झाला. डन्स स्कोटस या धर्मशास्त्रज्ञानं भर पडण्याच्या बाजूनं कौल दिला: गुणालाही अंश असतात आणि अंशात अंश मिळवता येतात. हाच विचार मग शुभ्रतेला लागू झाला, उष्णतेला लागू झाला, आणि शेवटी वेगाला. कोमट पाण्याच्या बादल्यांचं कोडंही सुटलं: पाणी किती हे एक माप, ऊन किती हे दुसरं. बादल्या मिळवल्या तर पहिलं वाढतं, दुसरं नाही. आजच्या भाषेत, उष्णता आणि तापमान वेगळे धरायची ही पहिली पायरी. देवावरचं प्रेम मोजायला निघालेली माणसं तापमापकाच्या दारात येऊन पोचली, हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत विलक्षण वळण वाटतं.

ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात हे काम जोरात चाललं. थॉमस ब्रॅडवर्डीननं १३२८ मध्ये वेगांच्या गुणोत्तरांवर ग्रंथ लिहिला (पुढे तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि १३४९ मध्ये प्लेगनं गेला). रिचर्ड स्वाइन्सहेडला तर लोक ‘गणक’ याच नावानं ओळखत. त्यांच्या उदाहरणांत सॉक्रेटिस चालत असतो, सॉक्रेटिस पांढरा होत असतो, जसे आपल्या गणितात राम आणि श्याम आंबे वाटून घेत असतात.

त्यांच्यातल्या विल्यम हेट्सबरीनं १३३५ मध्ये झीनोच्या बाणाला गाठलं. एका क्षणी वस्तूचा वेग किती, हे कसं सांगायचं? क्षणात तर ती काहीच अंतर कापत नाही. त्याचं उत्तर: त्या क्षणी असलेल्या वेगाच्या अंशानं ती ठरावीक काळ एकसारखी चालत राहिली असती, तर जेवढं अंतर कापलं असतं, त्यावरून. ‘असती तर’! गाडीचा काटा ६० दाखवतो, तेव्हा आपण तासभर चाललेलो नसतो आणि ६० किलोमीटर गेलेलो नसतो. पुढच्या सिग्नलला थांबणारच असतो. काटा सांगतो ती न घडलेल्या प्रवासाची गोष्ट असते. बाण त्या क्षणी जागा बदलत नाही, झीनोचं हे खरंच. पण त्या क्षणी त्याच्यात काय ‘होऊ शकणारं’ आहे, हे आता सांगता येत होतं.

यातून मर्टनचा प्रसिद्ध नियम आला: वेग एकसारख्या दरानं वाढत असेल, तर कापलेलं अंतर मधल्या क्षणीच्या वेगानं एकसारखं चालून कापलेल्या अंतराएवढंच भरतं. थांबलेली गाडी १० सेकंदांत सेकंदाला २० मीटर या वेगाला पोचली, तर तिनं १०० मीटर कापले. सगळा वेळ सेकंदाला १० मीटर या वेगानं चालली असती तरी तेवढेच. त्यातले पहिल्या ५ सेकंदांत २५ आणि नंतरच्या ५ सेकंदांत ७५. हे एकास तीन प्रमाणही मर्टनवाल्यांना ठाऊक होतं.

त्यांची सिद्धता शब्दांत होती, आणि वाचताना दम लागतो. पॅरिसमधल्या निकोल ओरेमनं (मृत्यू १३८२) तीच चित्रात मांडली. आडवी रेघ काढा, तो काळ. तिच्या प्रत्येक बिंदूवर उभी रेघ काढा, त्या क्षणीच्या वेगाच्या तीव्रतेएवढी उंच. एकसारखा वेग असेल तर सगळ्या रेघा समान आणि आकृती आयत. शून्यापासून एकसारखा वाढणारा वेग असेल तर त्रिकोण. अर्ध्या उंचीवर आडवी रेघ मारली की त्रिकोणाचं वरचं टोक कापलं जाऊन दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या कोपऱ्यात चपखल बसतं, आणि त्रिकोणाचा आयत होतो. नियम सिद्ध. मुलांना कात्री आणि कागद देऊन हे दोन मिनिटांत दाखवता येतं.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तरही त्यात आहे. त्या जमिनीची लांबी काळाची आणि उंची ‘असती तर’च्या वेगाची. दोन्ही मिळून जेवढी गती घडली, तेवढं तिचं क्षेत्रफळ.

गंमत अशी की ओरेमनं किंवा मर्टनच्या मंडळींनी आपला नियम पडणाऱ्या दगडाला लावून मोजमाप केलं नाही. त्यांना कल्पनेतली गती पुरेशी होती. पडणारी वस्तू अशीच एकसारख्या दरानं वेग घेते, हे स्पॅनिश धर्मशास्त्रज्ञ डोमिंगो दे सोतोनं १६व्या शतकाच्या मध्यात लिहिलं. आणि गॅलिलिओ? १६०४ मध्ये पाओलो सार्पीला लिहिलेल्या पत्रात त्यानं वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो असं धरलं होतं. म्हणजे तळाच्या रेघेवर त्यानं काळाऐवजी अंतर ठेवलं होतं. ती चूक सुधारून, उतारावरून गोळे सोडून मोजून, १६३८ मध्ये लायडनला छापलेल्या पुस्तकात त्यानं काळ योग्य जागी आणला. तिथे एकसारख्या वाढत्या वेगाचं पहिलंच प्रमेय मर्टनचं आहे, आणि आकृती त्रिकोण आणि आयताचीच.

परवा ती आकृती भाचीला दाखवली. गॅलिलिओनं काळाची रेघ उभी काढली आहे आणि वेगाच्या रेघा आडव्या. तिनं थोडा वेळ पाहिलं, कागद एका बाजूला फिरवला आणि म्हणाली, “हा तर आमच्याच धड्यातला आहे.”